मोजणाऱ्यांचा मान : हिंगणघाट ते कळमना

१८२३च्या जानेवारीत हैदराबादहून उत्तरेकडे चाललेल्या एका तांड्याला नागपूर गाठायचे होते. तांड्याचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन सत्तरीच्या आसपासचा होता आणि प्रकृतीने पार खचला होता. एकवीस वर्षांपूर्वी, १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने शंभर फुटी पोलादी साखळी पसरून साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली होती. त्या एका रेषेच्या दोन्ही टोकांवरून कोन घ्यायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा आणि टेकडीमागून टेकडी पुढे सरकायचे, असे करत निघालेली ही मोजणी आता मध्य भारताच्या दाराशी आली होती. पुढच्या उत्तरेकडच्या कामासाठी हैदराबाद फार मागे पडत होते, म्हणून मुख्यालयच नागपुरात हलवायचे त्याने ठरवले. पण नागपूर त्याला दिसले नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरले. हिंगणघाट म्हटले की विदर्भातल्या माणसाला बनी कापूस आठवतो, गिरण्या आठवतात. ज्याने पृथ्वीच्या आकाराचा एवढा मोठा तुकडा मोजला, तो माणूस त्याच मातीत आहे हे सहसा आठवत नाही. ज्या शहराला तो मुख्यालय करणार होता, त्याच शहरात पुढच्या दोनशे वर्षांत जमिनीची उंची ठरवणारा खांब उभा राहिला, मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आली, उपग्रहचित्रे वाचणारी केंद्र आणि राज्य सरकारची केंद्रे आली. नागपूर या शास्त्राचे मुख्यालय झाले नाही, पण त्याच्या वाटेवरचे एक महत्त्वाचे ठाणे नक्की झाले.

या शास्त्रातल्या थोरांचा मान कसा करावा, हा प्रश्न या ठाण्यावरून पाहिला तर वेगळा दिसतो. माझे म्हणणे असे आहे की फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजणी) आणि सुदूर संवेदन (दुरून घेतलेल्या चित्रांवरून जमीन वाचणे) या मोजणीच्या आजच्या क्षेत्रांत मान कोणाला द्यायचा, हा न्यायाचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून अधिक तो अचूकतेचा प्रश्न आहे. वरून घेतलेले चित्र स्वतःच्या बळावर काहीच सिद्ध करत नाही. विमानातून लागोपाठ घेतलेल्या दोन फोटोंत साधारण साठ टक्के भाग सामाईक ठेवतात. दोन डोळ्यांनी जशी खोली कळते तशी त्या दोन फोटोंवरून उंची काढता येते. मात्र ती उंची कशाच्या वर आहे आणि ते शेत नेमके कुठे आहे, हे सांगायला जमिनीवर आधी मोजून ठेवलेले खूणबिंदू लागतात. उपग्रहचित्राचेही तेच आहे. पडद्यावरचा तांबडा ठिपका कपाशीचा की तुरीचा, हे कोणी तरी बांधावर उभे राहून पाहिलेले असते, म्हणूनच संगणकाला ते कळते. या कामाला शास्त्रज्ञ ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात. ही साखळी वरपासून खालपर्यंत एक आहे, आणि तिच्यातली फक्त वरची कडी मानाने उजळली तर शास्त्र चालते कसे याचेच चुकीचे चित्र आपण पुढच्या पिढीला देतो. पुरस्काराचे मानपत्र हा एक प्रकारचा इतिहास असतो. तो खोटा असून चालत नाही.

लॅम्बटनच्या मोजणीत ही साखळी उघड दिसते. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर चढवायचा तो माणसांच्या खांद्यांवरून. समोरच्या टेकडीवर झेंडा धरून, पुढे रात्रीच्या वेधांच्या काळात दिवा लावून, दिवसेंदिवस थांबायचे ते खलाशी आणि झेंडेवाले. रान तोडायचे, मचाण बांधायचे, पाणी आणायचे, तेही त्यांनीच. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ मध्ये लॅम्बटनचा मुख्य मदतनीस झाला. त्यानंतर गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात त्याच्या तुकडीला तापाने गाठले, माणसे दगावली, आणि स्वतः एव्हरेस्टला प्रकृती सावरायला आफ्रिकेच्या केपपर्यंत जावे लागले. त्याच्या रजेची नोंद इतिहासात आहे. त्याच जंगलात त्याच तापाने गेलेल्या खलाशांची नावे आपल्याला कुठल्याही प्रसिद्ध इतिहासात सापडत नाहीत. लॅम्बटन गेल्यावर काम थांबू दिले नाही ते जोशुआ डी पेनिंगसारख्या सहायकांनी. मद्रासमध्ये वाढलेले हे तरुण लॅम्बटनच्या हाताखाली तयार झाले होते, आणि त्याच्या पश्चात एव्हरेस्ट येईपर्यंत त्यांनीच धागा धरून ठेवला. एव्हरेस्टच्या अवजारांची दुरुस्ती आणि नव्याने आखणी करणारा मीर मोहसिन हुसेन हा मद्रासकडचा कारागीर पुढे सर्वेक्षणाच्या गणिती उपकरणांचा अधिकृत निर्माता झाला. पण एतद्देशीय माणसाला ते पद द्यायला कंपनी सरकार कचरत होते आणि त्यासाठी एव्हरेस्टला भांडावे लागले. एव्हरेस्टच्या कडक स्वभावाविषयी खूप लिहिले गेले आहे. ही बाजूही लिहायला हवी.

मग मान कसा वाटला गेला? जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे, आणि तो तर १८४३ मध्येच निवृत्त झाला होता. नाव सुचवणारा त्याचा वारसदार अँड्र्यू वॉ. १८५७ मध्ये खुद्द एव्हरेस्टने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत या नावाला हरकत घेतली. आपले नाव हिंदीत लिहिता येणार नाही आणि तिथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८६५ मध्ये नाव पक्के झाले ते झालेच. याला उत्तर म्हणून गेल्या शतकभरात राधानाथ सिकदर यांची कथा पुढे आली: १८५२ मध्ये या बंगाली गणितीने आकडेमोड करून पंधरा क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच असल्याचे शोधले आणि साहेबाकडे धावत जाऊन सांगितले. सिकदर हे निःसंशय अव्वल दर्जाचे गणिती होते, मुख्य गणकाच्या पदावर होते, आणि त्यांच्यावर अन्यायही झाला. सर्वेक्षणाच्या थुलिअर आणि स्मिथ यांच्या प्रसिद्ध हस्तपुस्तिकेच्या १८५१च्या आवृत्तीत त्यांच्या लेखनाचा आदराने उल्लेख होता. सिकदर १८७० मध्ये वारले, आणि १८७५च्या आवृत्तीतून तो उल्लेख गळाला. याविरुद्ध १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रात जाहीर निषेध झाला, आणि निषेध करणाऱ्यांत खात्यातला एक इंग्रज अधिकारी, मॅकडॉनल्ड, होता.

तरीही धावत जाऊन सांगण्याच्या त्या प्रसंगाला समकालीन पुराव्याचा आधार फार थोडा आहे. त्या शिखराचे वेध १८४९ मध्ये जेम्स निकल्सनने तराईच्या मैदानातून, शंभराहून अधिक मैलांवरून घेतले; हवेतून येताना किरण वाकतो त्याच्या दुरुस्त्या कलकत्ता आणि डेहराडून इथल्या गणकांच्या तुकड्यांनी काही वर्षे केल्या; आणि २९,००२ फूट हा आकडा १८५६ मध्ये जाहीर झाला. एका साहेबाच्या एकट्या नावाऐवजी एका देशी विद्वानाचे एकटे नाव बसवले की मन भरते, पण काम जसे झाले तसे सांगितले जात नाही. सिकदरांची खरी थोरवी मला दुसऱ्या एका घटनेत अधिक दिसते. १८४३ मध्ये डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरून आपले सामान वाहायला लावले, तेव्हा सिकदरांनी ते रोखले. त्यांच्यावर खटला झाला आणि २०० रुपये दंड भरावा लागला. आकडेमोड करणाऱ्या या माणसाला ओझे वाहणाऱ्यांची किंमत ठाऊक होती.

इथे एक रास्त हरकत येते. ही सगळी मोजणी राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी केली. महसूल, लष्कर आणि रस्ते यांसाठी. मग तिच्यातल्या माणसांचा मान आपण का करावा? लॅम्बटन ज्या नागपूरकडे निघाला होता त्या नागपूरची स्थिती पाहिली तर हरकतीचे वजन कळते. १८१७ची सीताबर्डीची लढाई होऊन गेली होती, आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले होते, गादीवर अल्पवयीन तिसरे रघुजी होते आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हातात होता. राज्य हाती आल्याशिवाय मुख्यालय हलवण्याचा विचारही लॅम्बटनला करता आला नसता. शिवाय जमीन मोजणे ही इंग्रजांनी आणलेली कला नव्हे. मलिक अंबरची धाराबंदी आणि शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी काठीने केलेली मोजणी या मातीतलीच आहे. हे सर्व मान्य करूनही मला वाटते की मोजणीचा हेतू आणि मोजणीचे सत्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. हेतूचा जाब राज्यकर्त्याला विचारावा. सत्य ज्यांनी जमिनीवर कष्टाने मिळवले त्यांत बहुसंख्य माणसे याच देशाची होती, आणि साम्राज्याच्या रागापोटी ती सगळी परंपराच नाकारली तर त्यांचे नाव दुसऱ्यांदा पुसले जाते. भारतीय डाक विभागाने २००४ मध्ये लॅम्बटनने सुरू केलेल्या या मोजणीच्या, म्हणजे महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या, द्विशताब्दीनिमित्त तिकिटे काढली, तेव्हा त्यांवर राधानाथ सिकदर आणि तिबेट पायी मोजून काढणारे नैनसिंग रावत यांना स्थान दिले. नैनसिंगांना १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदकही दिले होते. म्हणजे ज्याने मण्यांची माळ ओढत पावले मोजली त्याला सर्वोच्च मान देता येतो, हे त्या काळातही कोणाला तरी सुचले होते.

आता नागपूरच्या झिरो माइलकडे येऊ. सीताबर्डीजवळचा तो वालुकाश्माचा खांब आणि त्याच्या बाजूचे चार घोडे शहराची ओळख झाले आहेत. देशाचा मध्यबिंदू म्हणून तो शाळेच्या सहलींना दाखवला जातो, मेट्रोच्या स्थानकालाही त्याचे नाव आहे. मात्र तिथे जे खरोखर कोरलेले आहे ते फारसे कोणी वाचत नाही. तो महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाण तलचिन्ह आहे आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची दिली आहे: १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर. आकड्यातली ती तीन दशांश स्थळे पाहावीत. नागपूरहून कुठलाही समुद्र शेकडो मैल दूर. समुद्राची सरासरी पातळी ठरवायला मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटी नोंदवली, आणि तिथून पट्टी उभी करत, दुर्बिणीतून वाचत, पुन्हा पट्टी पुढे नेत तुकड्या देशभर चालत गेल्या. १८५८ ते १९०९ या अर्धशतकात हे तलमापनाचे जाळे पुरे झाले. पट्टी धरणारा माणूस किंचित कलला, उन्हाने जमिनीलगतची हवा थरथरली, तर इंचाच्या अंशाची चूक पुढच्या शेकडो मैलांत साठत जाते. म्हणून प्रत्येक वाटेवरून पुन्हा उलट मोजत यायचे. मध्यबिंदूची गोष्ट सांगायला सोपी असल्यामुळे टिकली, पण तिच्यामुळे या खांबाची खरी कमाई झाकली गेली. शेजारच्या दगडावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरे आहेत. आकडा आहे, गावे आहेत. पट्टी धरून आलेल्या कोणाचेही नाव नाही.

नागपूरला नाव जपता येत नाही असे नाही. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४५ ते १८६३ या काळात नागपूरभोवतीचे खडक आणि जीवाश्म अभ्यासले. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेला असता त्याचा बुडून मृत्यू झाला. १८८३ मध्ये निघालेले हिस्लॉप कॉलेज आजही त्याचे नाव मिरवते आणि एका खनिजालाही त्याचे नाव आहे. जमीन वाचणाऱ्याला शहराने दिलेला हा मोठा आणि योग्य मान आहे. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर मात्र अभ्यासकांच्या तळटीपांतच उरला, तरी नागपूरच्या भूशास्त्रावरचा त्यांचा निबंध दोघांच्या नावावर आहे.

विमान आल्यावर या शास्त्राचे रूप पालटले. १९१० मध्ये व्हिएन्नात एदुआर्द डोलेझालने फोटोग्रामेट्रीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. १९८० पासून तिच्या नावात सुदूर संवेदनही आले. दर चार वर्षांनी भरणाऱ्या तिच्या अधिवेशनात जे मान दिले जातात त्यांत ब्रॉक सुवर्णपदक सर्वांत प्रतिष्ठेचे. एका पुरस्काराला विलेम शेरमरहॉर्नचे नाव आहे. शेरमरहॉर्न हा दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्सचा पंतप्रधान झालेला फोटोग्रामेट्रीचा प्राध्यापक. पंतप्रधानपद वर्षभरच टिकले. पुढे १९५० मध्ये नवस्वतंत्र देशांतल्या तरुणांना हवाई मोजणी शिकवण्यासाठी त्याने जी संस्था उभारली ती आजही चालू आहे. १९५७ मध्ये पंडित नेहरू नेदरलँड्सला गेले असता त्यांनी हे काम पाहिले, आणि त्यातून १९६६ मध्ये डेहराडूनला छायाचित्र-अर्थनिर्णयनाची संस्था सुरू झाली. तिथल्याच मंडळींनी १९६९ मध्ये एक अभ्यासक-संस्था काढली. तीच पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था झाली. भास्कर पुरस्कार, सतीश धवन पुरस्कार, पिशारोटी स्मृती पुरस्कार हे या क्षेत्रातले आपल्याकडचे मान तिच्या वतीने दिले जातात, आणि विक्रम साराभाईंचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, राष्ट्रीय सुदूर संवेदन दिन म्हणून पाळला जातो.

पिशारोटी यांना भारतीय सुदूर संवेदनाचे जनक म्हणतात ते १९७० सालच्या एका प्रयोगामुळे. केरळात नारळाच्या झाडांना ‘रूट विल्ट’ रोगाने ग्रासले होते. पिशारोटी आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्याने, अवरक्त किरण टिपणाऱ्या रंगीत फिल्मवर बागांचे फोटो घेतले. निरोगी पान अवरक्त किरण जोराने परतवते, आजारी पान तितके परतवत नाही, आणि हा फरक डोळ्याला पिवळेपणा दिसण्याआधी फिल्मवर उमटतो. या प्रयोगाची गोष्ट सांगताना हेलिकॉप्टर आणि फिल्म यांवरच भर असतो. पण फिल्मवर फिकट दिसलेले अमुक झाड खरोखर रोगट आहे, हे वनस्पतिरोगाच्या जाणकारांनी बागेत फिरून, झाडाझाडाला जाऊन ठरवले नसते, तर ते फोटो केवळ देखणे राहिले असते. प्रयोग सिद्ध झाला तो बागेत.

१७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून आयआरएस-१ए हा पहिला स्वदेशी कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह सुटला. त्याचे कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने बनवले होते. त्या वेळी केंद्राचे संचालक पुण्याचे प्रमोद काळे होते. त्यांच्याआधी, १९८१ ते १९८५ या काळात, ही धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. दोघांनाही पद्म सन्मान मिळाले आणि ते उचितच होते. याच सुमाराला नागपूरचे स्थान पक्के झाले. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो १९७६ पासूनचा. त्यात आता अंतराळ खात्याच्या पाच प्रादेशिक केंद्रांपैकी एक, आणि १९८८ मध्ये राज्य सरकारचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांची भर पडली. या केंद्रांच्या भिंतींवर उपग्रहांची चित्रे असतात; कामाचा मोठा भाग मात्र रानात होतो. आयआरएस-१एच्या पहिल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर ७२.५ मीटर लांब-रुंद होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे, सव्वा एकरापेक्षा थोडा जास्त. नंतरच्या २३.५ मीटरच्या कॅमेऱ्यात तो साडेपाच गुंठ्यांवर आला. विदर्भात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी असतात, शेताला लागून पऱ्हाटीचेच दुसरे शेत उशिरा पेरलेले असते, आणि खरिपात महत्त्वाच्या आठवड्यांतच आभाळ भरलेले असते. ५२ गुंठ्यांच्या एका ठिपक्यात हे सगळे मिसळून येते. पिकांखालचे क्षेत्र आणि उत्पादन उपग्रहावरून अंदाजण्याचे राष्ट्रीय काम ऐंशीच्या दशकात सुरू झाले, तेव्हा प्रत्येक हंगामात कोणी तरी गावोगाव जाऊन नकाशावर खूण केली आहे की हे शेत पऱ्हाटीचे, हे ज्वारीचे, हे पडीक. ढगांतून पाहणारे रडार आले, २०१२ मध्ये रिसॅट-१ गेला, तरी ती खूण करण्याची गरज संपली नाही. उलट रडारचे चित्र डोळ्याला अनोळखी असल्यामुळे वाढलीच.

कळमन्याचा संबंध इथे येतो. नागपूरच्या पूर्व अंगाचा कळमना बाजार म्हणजे विदर्भाच्या शेतमालाचा हिशेब रोज जिथे जाहीर होतो ती जागा. आंबिया बहाराचा संत्रा नोव्हेंबर-डिसेंबरात भरात असतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. गाड्या लागतात, ढीग पडतात, हर्रास होतो, मापारी वजन लिहितो, आवकेचा आकडा ठरतो आणि भाव त्यावर हलतो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने फळबागांचे क्षेत्र आणि उत्पादन उपग्रहांच्या साहाय्याने मोजण्याचा ‘चमन’ प्रकल्प हाती घेतला, त्यात लिंबूवर्गीय फळेही होती. संत्र्याच्या बाबतीत वरून काय कळते? सहा बाय सहा मीटरवर लावलेली प्रौढ बाग ओळखता येते. तीन-चार वर्षांची बाग अवघड, कारण दोन झाडांमधली माती जास्त चमकते. यंदा बहार धरला की ताण देऊनही फुटला नाही, फळगळ किती झाली, कोळशी किंवा डिंक्या किती पसरला, याचे उत्तर बागायतदार देतो किंवा बागेत गेलेला पाहणी करणारा देतो. आणि शेवटची परीक्षा कळमन्यात होते. अंदाजात म्हटलेला माल बाजारात आला का? माझ्या मते मापाऱ्याची वही ही या शास्त्राची एक प्रयोगवहीच आहे, आणि तिला तसा दर्जा मिळायला हवा.

यावर शास्त्रज्ञांच्या बाजूने दुसरी हरकत घेतली जाईल आणि ती पहिलीपेक्षा बळकट आहे. खूणबिंदू मोजणारे, बांधावर जाणारे हजारो असतात. त्यांचे काम आवश्यक असले तरी बदली माणसाकडून होऊ शकते. लॅम्बटनच्या जागी दुसरा लॅम्बटन मिळाला नसता, पिशारोटींना जे सुचले ते इतरांना सुचले नव्हते. मान हा विरळ गुणाला द्यायचा असतो. तो सगळ्यांत वाटला तर त्याला अर्थ उरत नाही. यातले अर्धे मला पूर्ण मान्य आहे. नवी कल्पना मांडणाऱ्याचे पदक कोणी काढून घेऊ नये. तंजावरच्या मंदिरावर चढवताना १८०८ मध्ये मोठा थिओडोलाइट पडून वाकला, तेव्हा लॅम्बटनने दार बंद करून आठवडे घालवून तो स्वतःच्या हाताने सरळ केला. अशी जिद्द दुर्मीळच. पण खालचे काम कोणीही करू शकतो, हे म्हणणे मला पुराव्याशी जुळत नाही. तापाच्या रानात महिनोन्‌महिने दिवा न विझू देणारा, पट्टी लंबात धरणारा, कपाशी आणि तूर यांतला फरक ढगाळ दिवशी शंभर शेतांत न कंटाळता अचूक लिहिणारा माणूस, हा गुणही विरळच आहे. त्याची चूक कोणी पकडत नाही आणि त्याच्या अचूकपणाचे श्रेय नकाशाला जाते, म्हणून तो विरळ वाटत नाही इतकेच. कार्टोसॅट-१ हा २००५ मध्ये गेलेला उपग्रह याचे चांगले उदाहरण आहे. एक कॅमेरा पुढे २६ अंश, एक मागे ५ अंश झुकवून तो एकाच जागेचे दोन फोटो घेई आणि अडीच मीटरचा तपशील देई. तरी ते चित्र जमिनीवर बरोबर बसावे म्हणून देशभर उपग्रहीय स्थाननिश्चितीने मोजलेल्या खूणबिंदूंचा संग्रह करावा लागला. अवकाशातली कारागिरी जगातल्या उत्तम कारागिरीच्या तोडीची होती, आणि तिलाही चौकातल्या रस्त्याचा नेमका कोपरा मोजून देणारा कोणी तरी लागलाच.

समूहाला मान देता येत नाही, ही अडचणही खरी नाही. इस्रोच्या पुरस्कारांत वैयक्तिक गुणवत्तेसोबत संघाचाही पुरस्कार दिला गेला आहे. शोधनिबंधांवर आता दहा-वीस नावे सहज असतात. सवय लावावी लागते एवढेच. माझी सूचना साधी आहे आणि ती नागपूरला करता येण्याजोगी आहे. इथल्या केंद्रांनी आणि विद्यापीठांनी मिळून पडताळणीसाठी एक सन्मान सुरू करावा, आणि तो एखाद्या सभागृहात न देता कळमन्याच्या बाजार आवारात द्यावा. मानपत्रावर पाहणी करणाऱ्या तुकडीतल्या प्रत्येकाचे नाव असावे: कृषी सहायक, भूकरमापक, गाडी चालवणारा, गावातून वाट दाखवणारा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत, आणि त्याआधी पुरंदरमधल्या सोनोरीच्या प्रयोगात, ड्रोन उडवण्यापूर्वी गावठाणातल्या प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ आखावी लागली. ती रेघ शेजाऱ्यांच्या संमतीने, कधी त्यांच्या भांडणातून, ग्रामपंचायतीच्या आणि भूमी अभिलेख खात्याच्या माणसांनी आखली. ड्रोनच्या कॅमेऱ्याने फक्त ती वाचली. मिळकत पत्रिकेचा कायदेशीर आधार त्या रेघेत आहे, मग तिच्या आखणाऱ्यांची नावे गावाच्या नकाशाच्या नोंदीत का असू नयेत?

हा मान कोणाला द्यायचा याचा निवाडा परीक्षकांच्या मतावर सोडू नये. संत्र्याचा अंदाज १२ ऑगस्टला, म्हणजे आंबिया बहाराचे फळ झाडावर असतानाच, तालुकावार जाहीर करावा. कळमना, वरूड, अमरावती अशा बाजारांतली आवक, आणि बागेतून थेट परराज्यांत गेलेल्या गाड्यांची नोंद जमेल तेवढी धरून, डिसेंबरअखेर दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. एकट्या कळमन्याच्या आकड्यावर विसंबता येणार नाही, कारण बराच माल नागपूरला न येताच बाहेर जातो. म्हणून सलग काही हंगामांची तुलना करावी लागेल आणि ज्या तुकडीच्या तालुक्यांतली चूक सातत्याने कमी राहील तिला बोलवावे. उपग्रहाचा कॅमेरा बनवणाऱ्या शास्त्रज्ञालाही त्याच दिवशी, त्याच आवारात, त्याच मानपत्राने गौरवावे, आणि त्याच्या हाती ते देण्याआधी त्या हंगामाची आवक मोजणाऱ्या मापाऱ्याने आकडा वाचून दाखवावा.